विश्लेषण : हत्तीरोगासाठी रक्त रात्रीच का घेतात? या कोड्याच्या सुरुवातीला मुंबईत उभा असलेला ‘ग्रेज अॅनाटॉमी’चा चित्रकार

मराठवाड्यातील नांदेड, लातूर, धाराशिव या जिल्ह्यांत आरोग्य विभागाची पथके कधी कधी रात्री साडेआठ-नऊनंतर दारावर येतात. बोटाला सुई टोचतात, काचपट्टीवर रक्ताचा जाड थेंब पसरवतात आणि पुढच्या घरी जातात. झोपमोड झालेल्या लोकांचा प्रश्न ठरलेला असतो : हे काम दिवसा का होत नाही? उत्तर सोपे आहे. हत्तीरोगाच्या कृमीची पिल्ले, म्हणजे मायक्रोफायलेरिया, रात्री बोटाच्या रक्तात येतात आणि दिवसा बहुतांश फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत जाऊन राहतात. दुपारी घेतलेला थेंब रुग्णाला निरोगी ठरवू शकतो.

हे उत्तर शोधायला मात्र एकोणिसाव्या शतकातील वीसेक वर्षे खर्ची पडली. पॅरिस, ब्राझील, कोलकाता, ब्रिस्बेन आणि चीनमधील अमॉय ही त्या शोधाची ठिकाणे. त्यांच्या यादीत मुंबईचे जे. जे. रुग्णालयही येते, पण त्याचा उल्लेख फारसा होत नाही. तिथे या कोड्याचा एक मोठा तुकडा ज्याने जागेवर बसवला, त्या डॉक्टरला जग ओळखते ते एका पुस्तकातील चित्रांमुळे. त्याचे नाव हेन्री व्हॅनडाईक कार्टर.

कोण होते कार्टर?

कार्टर यांचा जन्म २२ मे १८३१ रोजी इंग्लंडमधील हल या बंदराच्या गावी झाला. वडील हेन्री बार्लो कार्टर जलरंगातील चित्रकार होते आणि समुद्रकाठच्या स्कारबरो गावी त्यांचे काम चालत असे. धाकटा भाऊ जोसेफही चित्रकार झाला. थोरल्याच्या नावातले ‘व्हॅनडाईक’ हे सतराव्या शतकातील प्रसिद्ध चित्रकारावरून घेतलेले. एवढे सगळे असूनही थोरला डॉक्टरकीकडे वळला आणि लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शिकू लागला. (मुंबईत याच नावाचे रुग्णालय आहे, ते वेगळे.) पुढे रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये शरीररचनेच्या अभ्यासासाठी विद्यार्थीवृत्ती मिळाली. तिथे रिचर्ड ओवेन आणि सूक्ष्मदर्शकातील जाणकार जॉन क्वेकेट यांच्या हाताखाली काम करता आले. रेखाटणारा हात आणि भिंगातून पाहण्याची सवय या दोन गोष्टींनी त्यांचे पुढचे आयुष्य ठरवले.

सेंट जॉर्जमध्येच हेन्री ग्रे नावाचा महत्त्वाकांक्षी शल्यचिकित्सक होता. विद्यार्थ्यांना परवडेल आणि समजेल असे शरीररचनेचे पुस्तक काढण्याची कल्पना १८५५ च्या अखेरीस त्याने कार्टर यांच्यापुढे मांडली. मजकूर ग्रेचा, चित्रे कार्टरची, शवविच्छेदन दोघांचे. पुढची सुमारे दीड वर्षे कार्टर यांनी यासाठी दिली. लाकडी ठोकळ्यांवर त्यांनी उलटी चित्रे काढली, कारण छापल्यावर ती सुलटी दिसणार होती. ‘ग्रेज अॅनाटॉमी’ची पहिली आवृत्ती १८५८ मध्ये निघाली. तिच्यात ३६३ चित्रे होती.

या चित्रांतली एक युक्ती आज साधी वाटते, पण पुस्तक टिकले ते बरेचसे तिच्यामुळे. त्याआधीच्या पुस्तकांत प्रत्येक भागाला एक बारीक आकडा असे आणि त्याचा अर्थ पानाच्या तळाशी शोधावा लागे. कार्टर यांनी स्नायूचे नाव स्नायूवरच लिहिले, धमनीचे नाव धमनीच्या लांबीवर. डोळा चित्र सोडून कुठे जायची गरजच राहिली नाही. आजच्या भाषेत सांगायचे तर ‘इंटरफेस’ सुधारला. घाटीतील पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या पिशवीत आज बहुधा बी. डी. चौरसिया असेल, पण अवयवावरच नाव लिहिण्याची सोय त्यालाही अनोळखी नाही.

श्रेय कोणाला मिळाले?

ग्रेला दर हजार प्रतींमागे मानधन ठरले होते. कार्टर यांना एकदाच १५० पौंड मिळाले, पुढे काहीच नाही. छपाईआधी मुखपृष्ठाचा कच्चा नमुना आला तेव्हा दोघांची नावे सारख्याच आकारात होती. ग्रेने आपल्या हाताने कार्टर यांच्या नावाचा आकार कमी करायला सांगितले आणि त्यांचे मुंबईतील प्राध्यापकपद खोडले. तो नमुना आजही उपलब्ध आहे, त्यामुळे यात ऐकीव असे काही नाही. ग्रे १८६१ मध्ये, चौतिशीतच, देवीच्या रोगाने वारला. पुस्तक मात्र त्याच्याच नावाने चालत राहिले.

त्या १५० पौंडांतून कार्टर यांनी बऱ्याच दिवसांपासून हवा असलेला सूक्ष्मदर्शक घेतला असावा, असे त्यांचे चरित्रकार मानतात. तो घेऊन ते भारतात आले. पुढे जे घडले ते पाहता त्या पैशांचा यापेक्षा चांगला उपयोग झाला नसता.

मुंबईत काय वाट्याला आले?

१८५८ च्या सुरुवातीला, पुस्तक छापून येण्याआधीच, कार्टर सरकारी वैद्यकीय सेवेत दाखल होऊन मुंबईला आले. उठावाची धग पुरती विझलेली नव्हती. १८४५ मध्ये सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शरीररचना शिकवू लागले आणि शेजारच्या जे. जे. रुग्णालयात रुग्ण पाहू लागले. त्यांच्या वर्गातले विद्यार्थी प्रामुख्याने इथलेच होते.

घरची बाजू मात्र कोसळली. १८५९ मध्ये त्यांनी मुंबईत हॅरिएट बुशेल या स्त्रीशी लग्न केले. तिच्या पूर्वायुष्याबद्दलच्या गोष्टी नंतर उघड झाल्या आणि संसार मोडला. एक मुलगी झाली होती. कार्टर तरुणपणापासून दैनंदिनी लिहीत. त्यात देवावरचा विश्वास, आळस, एकटेपणा यांवर ते स्वतःलाच सतत फैलावर घेत. या काळानंतर ती दैनंदिनी जवळजवळ थांबते. तिथून पुढे त्यांचा माग लागतो तो शोधनिबंधांतूनच.

दुधाळ लघवीचे कोडे काय होते?

जे. जे.मध्ये असे रुग्ण येत, ज्यांची लघवी दुधासारखी पांढरी असे. भांड्यात ठेवली तर कधी तिची दह्यासारखी गुठळी होई, कधी तिच्यात गुलाबी झाक दिसे. दुखणे फारसे नसे, पण माणूस दिवसेंदिवस खंगत जाई. काही दिवस आपोआप बरे वाटे, मग पुन्हा तेच. वैद्यकात याला आज कायल्युरिया म्हणतात. उष्ण प्रदेशांत हा आजार सगळीकडे दिसत होता आणि कारण कोणालाच सांगता येत नव्हते. मूत्रपिंड बिघडले असावे, रक्तातच चरबी वाढली असावी, पचन चुकले असावे, असे तर्क चालत. मूत्रपिंडाचा दोष मानून उपचार केले तर गुण येत नसे, हा त्यातला खरा त्रास.

कार्टर यांनी वेगळ्या रुग्णांकडे पाहिले. काही जणांच्या जांघेजवळची किंवा अंडकोषाची कातडी जाड होऊन तिच्यावर बारीक फोड येत आणि ते फुटले की पांढरा द्राव झिरपत राही. हा द्राव आणि ती लघवी यांची त्यांनी तुलना केली. दोन्हींत चरबीचे अतिसूक्ष्म कण होते, दोन्ही गोठत. हे दोन वेगळे आजार नसून एकाच आजाराची दोन तोंडे आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

हे समजण्यासाठी शरीरातील एका कमी चर्चेतल्या यंत्रणेची ओळख हवी. रक्तवाहिन्यांशिवाय आपल्या अंगात लसीकावाहिन्यांचे जाळे असते. पेशींभोवती साचलेले जादा पाणी गोळा करून ते रक्तात परत आणायचे हे तिचे काम. पोटात तिच्याकडे आणखी एक जबाबदारी असते : खाल्लेल्या तेल-तुपातील बरीचशी चरबी आतड्यातून थेट रक्तात न जाता याच वाहिन्यांतून वर चढते. म्हणून जेवणानंतर पोटातील लसीका दुधासारखी दिसते. आता या वाहिन्यांत कुठे तरी अडथळा आला, तर मागे दाब वाढतो, वाहिन्या फुगतात, त्यांच्यातल्या झडपा निकामी होतात आणि द्राव उलटा वाहू लागतो. भिंत जिथे कच्ची असेल तिथे तो बाहेर पडतो. कातडीला भोक पडले तर मांडी ओली होते. मूत्रमार्गात भोक पडले तर लघवी पांढरी होते.

म्हणजे मूत्रपिंड दोषी नव्हते. ते शेजारच्या फुटलेल्या नळाचे पाणी वाहून नेत होते. जलवाहिनी एका चौकात फुटते आणि पाणी दुसऱ्याच गल्लीत वर येते, हा प्रकार छत्रपती संभाजीनगरच्या रहिवाशांना समजावून सांगण्याची गरज नाही. कार्टर यांनी पाणी कुठे दिसते यावर न थांबता ते कुठल्या नळातले आहे हे ओळखले. लसीकावाहिन्या आणि दुधाळ लघवी यांच्या या संबंधावरचा त्यांचा निबंध १८६२ मध्ये लंडनच्या वैद्यकीय संस्थेच्या नियतकालिकात छापून आला.

नळ कशामुळे तुंबला, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

मग कृमी कोणी पाहिला?

कार्टर यांच्या निबंधानंतर वर्षभरातच पॅरिसमध्ये द्मार्के या शल्यचिकित्सकाला हवानाहून आलेल्या एका रुग्णाच्या अंडवृद्धीच्या द्रावात वळवळणारे सूक्ष्म कृमी दिसले. १८६६ मध्ये ब्राझीलच्या बाहियात ऑटो वुखेरर यांना ते दुधाळ लघवीत दिसले. कोलकात्यात टिमथी रिचर्ड्स लुईस यांनी आधी लघवीत आणि मग १८७२ मध्ये माणसाच्या रक्तात ते पाहिले. रक्तात कृमी राहू शकतो, हेच तेव्हा नवल होते. १८७६ मध्ये ब्रिस्बेनच्या जोसेफ बँक्रॉफ्ट यांना पूर्ण वाढलेला कृमी सापडला : केसासारखा बारीक, मादी सुमारे आठ ते दहा सेंटीमीटर लांब, आणि राहण्याची जागा नेमकी लसीकावाहिन्यांत. कार्टर यांनी चौदा वर्षांपूर्वी बोट ठेवलेली यंत्रणा हीच होती. वाहिन्या सुजवणारा आणि निकामी करणारा गुन्हेगार तिथे पाच-सहा वर्षे, कधी त्याहून जास्त, मुक्कामाला असतो.

पुढची पायरी पॅट्रिक मॅन्सन यांची. अमॉयमध्ये १८७७ मध्ये त्यांनी आपल्या एका बाधित नोकराला डास चावू दिले आणि डासांच्या पोटात कृमीची पिल्ले वाढताना पाहिली. नंतर दिवस-रात्र ठरावीक तासांनी रक्त तपासल्यावर आकडे समोर आले. संध्याकाळी पिल्ले दिसू लागतात, मध्यरात्रीच्या आसपास सर्वाधिक होतात, सकाळी जवळजवळ नाहीशी होतात. हा आजार पसरवणारा क्युलेक्स डास रात्री चावतो, त्याच्या वेळेशी हे वेळापत्रक जुळते. १८८१ मध्ये लंडनमध्ये स्टीफन मॅकेंझी यांनी एका रुग्णाला दिवसा झोपवले आणि रात्री जागवले, तर पिल्लांनीही वेळापत्रक उलटे केले. मॅन्सन यांचीही एक चूक झाली. डास पाण्यात मरतो आणि ते पाणी प्यायल्याने लागण होते, असे त्यांना वाटत राहिले. कृमी डासाच्या सोंडेतून थेट कातडीवर उतरतो, हे १९०० मध्ये जॉर्ज लो यांनी दाखवले.

या साखळीत कार्टर यांचे नाव बहुतेक वेळा गळते, कारण त्यांना कृमी दिसला नाही. हा हिशेब थोडा अन्यायकारक आहे. लघवीतला सूक्ष्म कृमी आणि पांढरी लघवी यांचा संबंध काय, याचे उत्तर कार्टर यांच्या नकाशाशिवाय लागतच नाही. अर्थात दुसरी बाजूही खरी : त्यांचे लक्ष वाट शोधण्यावर होते, वाट अडवणाऱ्यावर नव्हते. ज्या लघवीची त्यांनी चरबीसाठी तपासणी केली, तशाच लघवीत चार वर्षांनी वुखेरर यांना कृमी सापडला.

दोन कार्टर, दोन हत्तीरोग

इथे दोन घोटाळे दूर करायला हवेत. पहिला नावाचा. त्याच काळात मुंबईत हेन्री जॉन कार्टर नावाचे दुसरे लष्करी डॉक्टर होते. स्पंज आणि गोड्या पाण्यातले सूक्ष्मजीव हा त्यांचा विषय. नारूवर मुंबईत लिहिणारे कार्टर ते हे. तलावांतील सूक्ष्म कृमींशी नारूचा संबंध असावा, असा त्यांचा कयास होता. रोख पाण्याकडे होता हे बरोबर, पण खरा मध्यस्थ पाण्यातला सायक्लॉप्स हा बारीक जीव निघाला आणि तो नंतर रशियन संशोधक फेदचेन्को यांनी ओळखला. पायऱ्यांच्या विहिरी असलेल्या आपल्या भागात नारू म्हणजे काय हे जुन्या पिढीला माहीत आहे. त्याचे निदान भिंगाशिवाय होई, कारण कृमी पायातून स्वतःच बाहेर येई आणि काडीवर गुंडाळत रोज थोडा थोडा ओढून काढावा लागे. भारत २००० मध्ये नारूमुक्त जाहीर झाला. अनेक लेखांत या दोन कार्टरांची सरमिसळ झालेली आढळते.

दुसरा घोटाळा रोगाच्या नावाचा. जुन्या ग्रीक परंपरेत ‘एलिफंटायसिस’ म्हणजे कुष्ठरोग. अरबी वैद्यकात मात्र हत्तीचा रोग म्हणजे पाय सुजून हत्तीसारखा होणे. भाषांतरांत दोन्ही अर्थ एकाच शब्दात येऊन बसले आणि शतकानुशतके डॉक्टर एकच नाव दोन आजारांना देत राहिले. कार्टर यांच्या १८७४ मधल्या पुस्तकाच्या नावात कुष्ठरोग आणि एलिफंटायसिस असे दोन्ही शब्द शेजारी आहेत. निदान म्हणजे आधी नावे वेगळी करणे, हे त्या काळात शब्दशः खरे होते.

साताऱ्यात नऊ वर्षे काय केले?

१८६३ मध्ये कार्टर साताऱ्याचे सिव्हिल सर्जन झाले. रुग्णालयाबरोबर तुरुंगाची देखरेखही होती. मुंबईची प्रयोगशाळा सुटली, पण रुग्ण जास्त जवळून दिसू लागले. कुष्ठरोग्यांची गावे, जाती, घराणी, व्यवसाय यांच्या नोंदी त्यांनी गोळा करायला सुरुवात केली. ‘मदुरा फूट’चे कामही या वर्षांत पक्के झाले. अनवाणी शेतात काम करणाऱ्याच्या पायात काटा रुततो, काही महिन्यांनी पाय सुजतो, भोके पडतात आणि त्यांतून खसखशीसारखे काळे किंवा फिकट कण बाहेर येतात. शेवटी पाय कापावा लागे. कापलेले पाय उघडून, कण भिंगाखाली ठेवून ही बुरशी आहे असे कार्टर यांनी मांडले. ‘मायसेटोमा’ हे आजही वापरात असलेले नाव त्यांचेच. काही प्रकारांत बुरशीऐवजी जिवाणू असतात हे पुढे कळले, पण काळे आणि फिकट कण वेगळे नोंदवण्याची त्यांची पद्धत त्यासाठीच उपयोगी पडली.

रजेवर युरोपात असताना १८७३ मध्ये ते नॉर्वेला गेले. बर्गनमध्ये त्याच वर्षी आर्माऊर हॅन्सन यांना कुष्ठरोगाचे जंतू दिसले होते. कुष्ठरोग वंशपरंपरेने येतो हा तेव्हाचा सर्वमान्य समज होता आणि कार्टर यांचाही कल आधी तिकडेच होता. नॉर्वेनंतर त्यांचे मत संसर्गाकडे झुकले. ते बदलताना त्यांनी रुग्णांना वेगळ्या वसाहतींत ठेवण्याचा आग्रहही धरला. औषध नसलेल्या काळात ही शिफारस समजण्यासारखी असली, तरी अशा धोरणांनी कुष्ठरुग्णांचे पुढे काय हाल केले हे आपल्याला माहीत आहे. त्यांच्या कामाची ही बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही.

दुष्काळात रक्ताने काय सांगितले?

१८७६ ते ७८ चा दुष्काळ दख्खनला उजाड करून गेला. पुणे, सातारा, सोलापूर, नगरकडची उपाशी माणसे पोटासाठी मुंबईत लोटली आणि त्यांच्यात तापाची साथ पसरली. ताप पाच-सात दिवस चढा राहायचा, एकदम उतरायचा, आठवड्याने परत यायचा. हिवताप की विषमज्वर, यावर वाद होता. कार्टर तोवर मुंबईत परतले होते. १८७७ मध्ये ते ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्रभारी प्राचार्य आणि जे. जे.चे डॉक्टर झाले.

त्यांनी तापलेल्या रुग्णाचे ताजे रक्त भिंगाखाली ठेवले. त्यात मळसूत्रासारखे बारीक धागे वळवळत होते. असेच धागे बर्लिनच्या ओबरमायर यांनी काही वर्षांपूर्वी पाहिले होते. भारतात ते दिसल्याने आजाराचे नाव ठरले : उलटून येणारा ताप, म्हणजे रिलॅप्सिंग फीव्हर. हे धागे कृमीसारखे दिसत असले तरी कृमी नव्हेत, ते जिवाणू आहेत. पण तपासणीचा नियम हत्तीरोगासारखाच निघाला. ताप असताना रक्तात धागे भरपूर असतात आणि ताप उतरताच ते भिंगातून नाहीसे होतात. चुकीच्या दिवशी घेतलेले रक्त काहीच सांगत नाही. कार्टर यांनी तापाचे आलेख आणि रक्ताच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून हे दाखवले. पुढे माणसाच्या रक्तातून माकडांना ताप देऊन धागे आणि आजार यांचा संबंधही जोडला. हे सगळे १८८२ मध्ये त्यांच्या ‘स्पायरिलम फीव्हर’ या पुस्तकात आले. पश्चिम भारतातील दुष्काळाचा तो एक वेगळाच दस्तऐवज आहे. उपासमारीचा इतिहास त्यात तापमानाच्या रेषांनी लिहिला गेला आहे.

हा ताप उवांमुळे पसरतो, हे १९०७ मध्ये पर्सी मॅकी यांनी नाशिकमधल्या साथीत दाखवून दिले.

शेवटची वर्षे कशी गेली?

निवृत्तीआधीच्या दोन वर्षांत कार्टर यांनी आणखी दोन गोष्टी केल्या. मुंबईतल्या उंदरांच्या रक्तात त्यांना एक नवा मळसूत्री जंतू सापडला, ज्याचा संबंध पुढे उंदीर चावल्याने येणाऱ्या तापाशी जुळला. आणि हिवतापाच्या रुग्णांच्या रक्तात फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हरान यांनी वर्णन केलेले परजीवी त्यांनी पाहिले व नोंदवले. भारतातील बहुतेक डॉक्टरांचा तेव्हा लाव्हरानवर विश्वास नव्हता. कार्टर यांचा १८८८ मधला लेख फारसा वाचला गेला नाही.

१८८८ मध्ये, तीस वर्षांच्या नोकरीनंतर, ते स्कारबरोला परतले. १८९० मध्ये त्यांनी मेरी एलेन रॉबिसन यांच्याशी लग्न केले आणि साठीच्या उंबरठ्यावर त्यांना घर मिळाले. त्याच वर्षी राणीचे मानद शल्यचिकित्सक हा सन्मान आला. ४ मे १८९७ रोजी क्षयाने त्यांचे निधन झाले. साडेतीन महिन्यांनी, २० ऑगस्टला, निजामाच्या राज्यातील सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी दिसला. डास माणसाचे परजीवी वाहतो, ही दिशा रॉस यांना दाखवली होती ती हत्तीरोगावर काम केलेल्या मॅन्सन यांनी.

आज निदान कसे होते?

रात्रीची काचपट्टी अजून बाद झालेली नाही. साधारण २० घनमिलिमीटर रक्त जाडसर पसरवून, वाळवून, रंगवून भिंगाखाली पाहिले जाते आणि पिल्ले मोजली जातात. मायक्रोफायलेरियाची लांबी पाव मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे सराव असलेला तंत्रज्ञ ती चुकवत नाही. याशिवाय आता पट्टी-चाचणी आली आहे. ती पूर्ण वाढलेल्या कृमीने रक्तात सोडलेले प्रथिन ओळखते, म्हणून दिवसाही चालते. बोटातले रक्त पट्टीवर टाकायचे आणि दहा मिनिटांनी रेषा वाचायची. सामूहिक औषधोपचारानंतर प्रसार थांबला का हे पाहताना सहा-सात वर्षांच्या मुलांची अशीच तपासणी होते, कारण त्यांच्यात लागण सापडली तर ती अलीकडची असते.

पाय सुजल्यावर मात्र रक्तात पिल्ले अनेकदा सापडत नाहीत. कृमी मेलेले असतात, खराब झालेल्या वाहिन्या तशाच राहतात. म्हणून पाय अगदी ठीक दिसणाऱ्यांचेही रक्त घेतले जाते आणि त्यांनाही वर्षातून एकदा समोर गोळ्या गिळायला सांगितल्या जातात. पूर्वी डीईसी आणि अल्बेंडाझोल अशा दोन औषधांच्या गोळ्या असत, आता काही जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिन जोडून तीन औषधे देतात. तीन औषधांचा वापर देशात सर्वांत आधी जिथे झाला, त्यांत नागपूर जिल्हा होता. दोन वर्षांखालची मुले, गर्भवती आणि गंभीर आजारी यांना या गोळ्या देत नाहीत. गोळीनंतर थोडा ताप किंवा मळमळ झाली तर ती बहुधा अंगातले कृमी मरत असल्यामुळे असते. २०२७ पर्यंत देशातून हत्तीरोग हटवण्याचे सरकारचे उद्दिष्ट आहे.

लघवी सलग काही दिवस दुधासारखी पांढरी येत असेल, विशेषतः तेलकट जेवणानंतर जास्त पांढरी होत असेल, तर ती लपवू नये. प्रयोगशाळेत नमुन्यात ईथर घालून हलवतात. चरबी विरघळून पांढरेपणा गेला तर दोष लसीकावाहिन्यांकडे आहे असे समजते आणि पुढच्या तपासण्या त्या दिशेने होतात. ही साधी चाचणी तालुक्याच्या ठिकाणीही करता येते. संशय हत्तीरोगाचा असेल, तर रक्ताचा नमुना रात्री दहा ते दोनच्या दरम्यान द्यावा.